पथ्याची यादी

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज चाकूचा असे. आबा बोरू तासत. कसब्यात आमची दोन खणांची जागा होती. पुढच्या खणात आबांची बैठक, मागच्या खणात चूल, आणि मध्ये दाराऐवजी गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला बोरूचा चर्र चर्र आवाज आणि दुसऱ्या बाजूला आईचे जाते. जाते थांबले की भाकरी थापल्याचा आवाज सुरू होई. चाकू थांबला की आबा लिहायला बसले असे समजायचे आणि गप्प राहायचे. आबा अखबारनवीस होते. नर्मदेकडे ठाणे असलेल्या एका सरदारांना पुण्याची बातमी लागे: कोण आले, कोण गेले, कोणाच्या दाराशी हत्ती उभा होता, वाड्यापुढच्या मंडईत भाजी किती आली, कोणत्या पेठेत कसली साथ आहे. दर आठ दिवसांनी आबा हे लिहून जासुदाच्या हाती देत. जासुदाचे नाव राघू. तो पुण्यात असला की आमच्या ओसरीवर निजे. आई त्याला भाकरी, कांदा आणि ताक देई. निघायच्या दिवशी वर गुळाचा खडा.

आबांनी मला लिहायला शिकवले ते अखबार लिहिण्यासाठीच. त्यांचे नियम थोडे होते. पाहिले ते लिहावे. ऐकले असेल तर 'ऐकिवात आहे' असे आधी लिहावे. वाटले ते लिहू नये. एकदा मी लिहिले की हौदावर फार गर्दी होती. आबांनी बोरू माझ्याकडे केला आणि विचारले, "फार म्हणजे किती?" मी पुन्हा हौदावर गेलो, घागरी मोजल्या आणि येऊन आकडा लिहिला. ते काही बोलले नाहीत. चूक काढायची नसली की ते बोलत नसत, आणि तेवढ्यावर मी दिवसभर खूश असे. आज सत्तरी उलटली तरी एखाद्याने 'फार' म्हटले की माझ्या मनात तोच प्रश्न येतो. ही सवय चांगली की वाईट हे मला ठरवता आलेले नाही. या प्रकरणात जे सांगायचे आहे ते त्या सवयीमुळेच घडले.

कागद आणायचे काम माझ्याकडे होते. त्यासाठी नदीकडे उतरून कागदीपुऱ्यात जावे लागे. गल्लीत शिरण्याआधीच ढेकीचा आवाज येई. चुन्यात भिजवून कुजवलेली जुनी गोणपाटे लाकडी ढेकीखाली कुटत, तो लगदा डोक्यावरून नदीवर नेऊन धूत, मग कुंडीच्या पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीने ताव उचलत. ओले ताव घराच्या भिंतींना चिकटवलेले असत, त्यामुळे गल्लीतली घरे दुरून पांढरी ठिगळे लावल्यासारखी दिसत. आमचा कागद इब्राहीम कागदी यांच्याकडचा. मी त्यांना चाचा म्हणे. उंच, हाडापेराने मजबूत माणूस. दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे. ताव देण्याआधी ते त्याचे एक टोक धरून कानाशी नेत आणि बोटाने टिचकी मारत. चांगला ताव खणकन वाजे. माझ्याही कानाशी धरून विचारत, "ऐकू आलं, मोरूबेटा?" मी हो म्हटल्याशिवाय तो ताव गठ्ठ्यात जात नसे.

मी सोळा वर्षांचा असताना पावसाने पुण्याच्या आसपास दडी मारली. मंडईत धान्याचे बैल येईनात. धान्य नाही म्हणून गोण्या नाहीत, आणि गोण्या नाहीत म्हणून कागदीपुऱ्यात लगदा नाही. एकेक ढेकी बंद पडली. आबा अखबारात दर आठवड्याला लिहीत, 'आज बैल आले नाहीत.' आमच्याही घरी भाकरीत हुलग्याचे पीठ मिसळू लागले, ताक पातळ झाले. राघूच्या गुळाचा खडा मात्र आईने बंद केला नाही.

त्या दिवसांत मी कागदासाठी गेलो तेव्हा हलिमाचाची, चाचांची बायको, खळ शिजवत होती. कागद लिहिण्याजोगा करायचा तर त्यावर पिठाची खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटावा लागतो. शेवटच्या गठ्ठ्याचे ताव तेवढे उरले होते. चुलीवर पातेले, त्यात पिठाची पांढरी पेज, आणि तीन मुले चुलीपासून हातभर अंतरावर बसलेली. चाचीने कोनाड्यातून मोरचुदाचा विषारी निळा खडा काढला, कुटला आणि पातेल्यात टाकला. कागदाला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात हे मला ठाऊक होते. पण तो खळ निवल्यावर, लावायच्या वेळी घालायचा असतो. मी विचारले, "आत्ताच घातलात, चाची?"

ती मुलांकडे न बघता म्हणाली, "आधी घातलेला बरा. मग कुणी बोट घालत नाही."

हे मी घरी सांगितले नाही. वैद्यतात्यांना सांगितले.

वैद्यतात्या आमच्या आळीतच राहत. अर्ध्या कसब्याची नाडी त्यांच्या बोटांखालून गेलेली. बुटके, गोरे, बोलणे कमी आणि तिरकस. कोणी म्हणाले, "तात्या, भूक लागत नाही," तर ते म्हणत, "मग भाग्यवान आहात. बाहेर सांगू नका." त्या वर्षी त्यांच्या लक्षात आले की येणाऱ्या रोग्यांतल्या निम्म्यांना रोग नाही, उपास आहे. त्यांनी पेठेतल्या घरोघरी जाऊन बायकांना सांगितले की चुलीत जाळ घालण्याआधी एक मूठ धान्य वेगळ्या गाडग्यात टाकत जा. कोणाकडे पैसा मागितला नाही, सरकारात अर्ज केला नाही. दर गुरुवारी मी आणि आळीतली आणखी दोघे पोती घेऊन फिरत असू आणि गाडगी रिकामी करत असू. धान्य तात्यांच्या माजघरात जाई. तिथे त्यांची थोरली विधवा बहीण गोदाआत्या ते निवडून फडक्यात बांधी. मूठ कोणाच्या घरची हे तिला पोत्यात हात घातल्यावर कळे, असे ती म्हणे. "मोठ्या घरची माणसं हाताने लहान असतात," हे तिचे ठरलेले वाक्य होते.

ते धान्य द्यायची तात्यांची रीत वेगळी होती. ते कोणाला दान देत नसत. पथ्य देत. रोगी यायचा, तात्या नाडी पाहायचे, जीभ बघायचे आणि सांगायचे, "अशक्तपणा आहे. पंधरा दिवस ज्वारीचं पथ्य." गोदाआत्या गाठोडे आणून देई. प्रत्येक गाठोड्यावर, फडक्याच्या गाठीत, सुंठेचा एक तुकडा खोचलेला असे. त्या तुकड्यामुळे ते औषध होई आणि माणूस मान वर करून घरी जाई. ही कल्पना तात्यांची. पुढे जे झाले ते झाले, तरी ही कल्पना त्यांची होती हे नोंदवले पाहिजे.

मोरचुदाचे ऐकल्यावर तात्या स्वतः कागदीपुऱ्यात आले. चाचांनी त्यांना खाटेवर बसवले. तात्यांनी आधी मुलांच्या नाड्या पाहिल्या, मग चाचीची लांबूनच चौकशी केली, शेवटी चाचांचा हात हातात घेतला.

"अशक्तपणा," तात्या म्हणाले. "पाचही जणांना पथ्य."

चाचा हसले. "तात्या, पाच जणांना एकच रोग?"

"साथ आहे," तात्या म्हणाले.

चाचांनी एकदा मुलांकडे पाहिले. मग म्हणाले, "साथ असेल तर घ्यावंच लागेल औषध." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोडे घेऊन गेलो. चाचीने आधी सुंठ सोडवून कोनाड्यात ठेवली आणि मग धान्य ओतून घेतले. मी निघालो तेव्हा जात्याचा आवाज सुरू झाला होता. तो आवाज मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत गेलो. त्या वर्षभरात मला काही चांगले केल्यासारखे वाटले असेल तर ते त्या सकाळी. वाटलेले लिहू नये, तरी लिहितो.

भाद्रपदात तात्यांनी मला बोलावले. पथ्यावरची घरे वाढत होती, गाडग्यांतल्या मुठी लहान होत होत्या. तात्या म्हणाले, "माणसाला पथ्यावर किती दिवस ठेवायचं, मोरू? हाताला काम लावून द्यायला हवं. कौलांच्या भट्टीवर माणूस लागतो, वखारीत लागतो. मी चार ठिकाणी शब्द टाकतो. तू मला लिहून दे. कोण, तोंडं किती, कसब काय, हात रिकामे की गुंतलेले, अंग कसं."

आजवर पथ्यावरच्या माणसांची नावे कुठेच लिहिलेली नव्हती. ती तात्यांच्या डोक्यात असत, थोडी गोदाआत्याच्या. ती ऐकत होती. म्हणाली, "नाडी लिहून ठेवतात का रे कुणी?" तात्या म्हणाले, "तू सुंठ बांध." मला गोदाआत्याचा रागच आला. आबांच्या हाताखाली शिकलेले काही पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या कामी येणार होते.

एवढी यादी मावायची तर मोठा, चांगला ताव हवा होता. मी चाचांकडे गेलो. वैद्यतात्यांच्या कामासाठी हवा आहे, असे सांगितले. शेवटच्या गठ्ठ्यातले थोडे ताव उरले होते. त्यांनी तीन बाजूला सारले, चौथ्याला टिचकी मारली, माझ्या कानाशी धरला.

"दाम किती, चाचा?"

"तात्यांनी आमच्या रोगाचे दाम घेतले का? घेऊन जा."

काय लिहिणार हे त्यांनी विचारले नाही. त्यांचेही नाव त्यात येणार हे मी सांगितले नाही. लपवायचे होते असे नाही; सांगायचे सुचले नाही.

तीन दिवस मी घरोघर फिरलो. गाठोडी नेणारा म्हणून मला सगळे ओळखत होते. बायका आत बोलावत, रिकामी मडकी दाखवत, नवऱ्याच्या हाताला काम नाही हे शेजारणीला सांगितले नसते ते मला सांगत. मी पाहिले ते लिहिले. चाचांची ओळ मला अजून पाठ आहे. 'इब्राहीम कागदी. तोंडे पाच. कुंडी बंद, हात रिकामे. अंगाने धडधाकट, भारी ओझे उचलतो.' ओझ्याचे मी ऐकून लिहिले नव्हते. ओल्या लगद्याची पाटी डोक्यावर घेऊन त्यांना नदीवर जाताना मी कितीदा पाहिले होते. यादी पुरी झाल्यावर आबांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "एकही शब्द जास्त नाही." आबांनी माझी तोंडावर केलेली स्तुती एवढीच. पुढे त्यांनी केली नाही, आणि मलाही ती नको झाली.

नवरात्रात पेठेला सरकारातून निरोप आला. दसऱ्यानंतर फौज बाहेर पडणार होती, तिचे सामान वाहायला पेठेने वीस बिगारी द्यायचे. ज्यांच्या घरी गडी आहे त्यांनी गडी द्यावा, गडी नसेल त्याने बैल. वेठीला गेलेल्या माणसाला मजुरी नसे आणि तो कधी परत येईल हे कोणी सांगत नसे. संध्याकाळच्या आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात पेठेतली मंडळी जमली. आबाही होते, मी त्यांच्या मागे बसलो. एक किराणा दुकानदार म्हणाला, "माझा गडी गेला तर सकाळी दुकान मी उघडू की काय?" मागून कोणी म्हणाले, "उघडा की. तेवढंच शेटजींना फळी किती जड असते ते कळेल." हशा झाला, पण लगेच थांबला. ज्याच्या त्याच्या घरी कोणीतरी होते. आमच्याकडे राघू होता.

तात्या उठले. म्हणाले, "पेठेला त्रास होणार नाही. माझ्यावर सोडा."

सभामंडपातली हवाच बदलली. लोक पागोटी सारखी करत उठले, तात्यांना नमस्कार करून निघाले. कसे करणार, हे कोणी विचारले नाही. आबांनीही विचारले नाही, आणि विचारणे हाच त्यांचा धंदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोडे घेऊन चाचांच्या दारात उभा होतो. गल्लीच्या टोकाकडून चार शिपाई आणि एक कारकून आले. कारकुनाच्या हातात घडी केलेला कागद होता. तो एकेका दारापुढे थांबून वाचत होता आणि शिपाई आत जात होते. दारे शोधावी लागत नव्हती. दोन घरे अलीकडे आल्यावर मला शब्द ऐकू आले. 'तोंडे चार. घोटाईचे कसब. हात रिकामे. अंगाने मध्यम.' मी लिहिलेले वाक्य परक्याच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. 'मध्यम' म्हटल्यावर कारकुनाने बोट हलवले, शिपाई त्या माणसाला सोडून पुढे आले.

"इब्राहीम कागदी," कारकून म्हणाला. "तोंडे पाच."

चाचा बाहेर आले. प्रकार कळल्यावर शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्ही दफ्तराला कागद देतो. आमच्या घराला वेठ माफ आहे. वडिलांच्या वेळेपासून."

"देत होतात," कारकून म्हणाला. "इथं लिहिलंय, कुंडी बंद, हात रिकामे. ज्याचा कागद दफ्तरात येत नाही त्याला माफी कसली?"

"असं कुणी लिहिलं?"

"ज्यानं लिहिलं त्यानं डोळ्यांनी बघून लिहिलंय. भारी ओझे उचलतो, हेसुद्धा आहे. इतकं स्वच्छ काम करून दिलं तर आम्हाला दारोदार ओरडावं लागत नाही." त्याने कागद चाचांपुढे धरला. "बघ अक्षर."

चाचांना वाचता येत नव्हते. त्यांनी हात पुढे केला, तावाचे एक टोक चिमटीत धरले आणि सवयीने टिचकी मारली. ताव वाजला. त्यांनी तो उजेडाकडे धरून काड्यांच्या रेघा पाहिल्या.

"कागद आमचाच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात गाठोडे होते, वर सुंठ खोचलेली. मी काही बोललो नाही. पुढे आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी गप्प राहिलो आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याला कारण होते. तिथे नव्हते.

चाचीला अजून काही कळले नव्हते. ती दारातून म्हणाली, "मोरू, पळ. तात्यांना बोलावून आण. तात्या सांगतील ह्यांना."

मी धावत गेलो. तात्या ओटीवर एका म्हाताऱ्याची नाडी पाहत होते. मी धापा टाकत सांगितले, "चाचांना नेतायत. चला लवकर." त्यांनी मान वर केली नाही. "नाडी पाहतोय. थांब." त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, चूर्णाची पुडी बांधली, कशातून घ्यायचे ते दोनदा सांगितले. मी उभा होतो. गोदाआत्या माजघराच्या दारात आली आणि म्हणाली, "उगाच घाई करू नकोस. कागद काल इथूनच गेला. माझ्या डोळ्यांदेखत."

म्हातारा गेल्यावर तात्यांनी हात धुतले. म्हणाले, "वीस माणसं द्यायचीच होती. दिली नसती तर त्यांनी वाटेत सापडेल त्याला ओढलं असतं. तुमचा राघू गेला असता. तुझ्या आबांचा अखबार कोणी पोचवला असता, तू?"

"यादी कामासाठी होती. भट्टीवर, वखारीत..."

"भट्टीवर माणूस नको म्हणाले. वखारीतही नको म्हणाले. मी विचारून आलो." ते खोटे बोलत नव्हते, पुढे मी चौकशी केली. "पेठेची मूठ ज्यांनी खाल्ली त्यांनी पेठेचं ओझं उचललं. यात कुणाचं काय बिघडलं?"

मी म्हणालो, "पण तात्या, ते पथ्य होतं."

"पथ्य रोग्याला असतं, मोरू. धडधाकट तूच लिहिलंस."

मी परत गेलो तेव्हा गल्लीत धडधाकट पुरुष दिसत नव्हता. गाठोडे तसेच माझ्या हातात होते.

संध्याकाळी आबा अखबार लिहीत होते. ओसरीवर राघू वहाणांचे बंद आवळत होता; पहाटे निघणार होता. आबांनी वाळू टाकून शाई सुकवली आणि कागद माझ्यापुढे वाचायला ठेवला. धान्याचे बैल, एका सरदाराचा मुक्काम, आणि त्याखाली: 'कसबे पेठेतून वीस बिगारी रवाना. तक्रार नाही.'

मी म्हणालो, "आबा, तक्रार होती."

"कुणाची?"

"चाचांची. त्यांना वेठ माफ आहे. मी तिथं होतो. मी पाहिलं."

"लिहून दिली का कुणी?"

"त्यांना लिहिता येत नाही."

"मग तक्रार आली नाही," आबा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि थैलीत सारली. पडद्यापलीकडे आई भाकरी थापत होती. तिचा हात मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पाहिले ते लिहावे, हा नियम आबांनी मला दिला होता. पाहिलेले लिहायचे नसेल तर काय करावे, याचाही त्यांच्याजवळ एक नियम होता, तो मला त्या संध्याकाळी कळला. तात्यांनी फसवले त्याचे दुःख झाले, पण त्यांच्याकडून मी नाडीपलीकडे काही शिकलो नव्हतो. आबांकडून सगळेच शिकलो होतो.

पुढच्या गुरुवारी मी गाठोडे घेऊन चाचीच्या दारात गेलो. आत जायची माझी हिंमत नव्हती. तीच बाहेर आली. तिच्या मुठीत सुंठेचे तुकडे होते, आजवरच्या प्रत्येक गाठोड्याचे. तिने एकही वापरला नव्हता. तिने ते माझ्या गाठोड्यावर ठेवले आणि म्हणाली, "तात्यांना सांग, आमच्या घरात आता कुणी आजारी नाही."

त्या आठवड्यात तात्यांकडे पथ्यासाठी एकही माणूस आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. कागदीपुऱ्यातून नाही, साळ्यांच्या घरांतून नाही, दूरच्या आळीतून नाही. भूक कमी झाली नव्हती. पाऊस यायला अजून आठ महिने होते. गाडगी मात्र भरत राहिली, कारण मूठ टाकायची सवय बायकांच्या हाताला लागली होती. तात्यांच्या माजघरात पोत्यांतल्या धान्यात किडे झाले. गोदाआत्या ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणे, "सगळी पेठ एकाएकी निरोगी झाली. आमच्या तात्याच्या हाताला गुणच तसा." आपल्या चुलीशेजारचे गाडगे तिने सर्वांत आधी पालथे घातले. माझी आई काही दिवस मूठ टाकत राहिली. मग एका सकाळी जाते नेहमीपेक्षा थोडा वेळ जास्त फिरले. मी मागच्या खणात जाऊन पाहिले तर गाडगे रिकामे होते.

तात्यांविषयी लोक आजही चांगले बोलतात. त्यांनी एक पावसाळाभर कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे मी पाहिले आहे. तेही इथे लिहिले पाहिजे.

विसांतले सतरा होळीच्या सुमाराला परत आले. चाचा त्यांत होते. त्यांचा उजवा खांदा उतरला होता. चाळणी पाण्यातून सरळ उचलायला दोन्ही खांदे सारखे लागतात, म्हणून त्यांनी पुन्हा कधी ताव उचलला नाही. कुंडीवर मोठा मुलगा बसू लागला, चाची घोटाई करी, आणि चाचा भिंतीला टेकून ताव निवडत. मी महिनाभर तिकडे गेलो नाही. घरातला कागद संपला आणि आबांनी पाठवले तेव्हा गेलो. चाचांनी डाव्या हाताने ताव उचलला. माझ्या कानाशी धरला नाही. समोर मांडीवर ठेवला, त्यावर पंजा पसरला आणि विचारले, "ह्यावर काय लिहिणार?"

मी म्हणालो, "अखबार."

"कुणाचं नाव येणार त्यात?"

मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मग पंजा उचलला. त्यानंतर ते जगले तोवर, अठरा वर्षे, मी दर खेपेला सांगत आलो. तेवढ्या वर्षांत आबा गेले, त्यांची बैठक माझ्याकडे आली, सरदाराच्या जागी सरदाराचा मुलगा आला. चाचांचा प्रश्न बदलला नाही. काही नावे त्यांच्यापुढे घेता आली नाहीत, म्हणून मी ती लिहिली नाहीत. माझ्या अखबारात ज्या गोष्टी नाहीत, त्यांतल्या बऱ्याच त्या दारात गळाल्या.

आता वाड्यावर दुसरे निशाण आहे. कागदीपुऱ्यात तीन-चार कुंड्या उरल्या आहेत. हे प्रकरण लिहायला कागद हवा होता म्हणून परवा मी काठी टेकत तिथे गेलो. चाचांचा नातू दुकानावर होता. त्याने मला ओळखले नाही, ओळखायचे कारणही नव्हते. त्याने ताव मोजून दिले आणि काही विचारले नाही.

मी उभाच राहिलो. मग त्याला सांगितले, यावर काय लिहिणार आणि कोणाचे नाव येणार.

त्याचा हात गठ्ठ्यावर थांबला. "आमच्या आजोबांचं?" तो म्हणाला. "बरं लिहिणार का वाईट?"

"पाहिलं ते," मी म्हणालो.

त्याने गठ्ठ्यातला वरचा ताव काढून घेतला, त्याऐवजी टिचकी मारून दुसरा घातला आणि दोरी बांधली.